राखणीचा पैसा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत झाडं लावायला पैसा कमी पडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. जून उजाडला की साखर कारखाना, पतसंस्था, शाळेचे माजी विद्यार्थी, वाढदिवसाचे पुढारी असे सगळेच डोंगराकडे निघतात. रोपं फुकट मिळतात, खड्डे जेसीबी काढून देतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. अडतं ते पुढच्या मार्चात. रोपाला पाणी कोणी घालायचं, शेरडं कोणी वळवायची, रात्री डोंगराला वणवा लागला तर वर कोणी धावायचं आणि धावणाऱ्याची मजुरी कोणी द्यायची, हे विचारायला गेलं तर जूनमधल्या फोटोतलं कोणी सापडत नाही. हे पुस्तक त्या मार्च महिन्याबद्दल आहे.

विषय आहे वन्यजीवांचा अधिवास, तो पुन्हा उभा करणारी गावं आणि त्यासाठी लागणारा पैसा. पहिल्या दोहोंवर वेगवेगळं पुष्कळ लिहून झालंय. अधिवासावर अभ्यासक लिहितात, गावांवर पत्रकार लिहितात आणि पैशावर फारसं कोणी लिहीत नाही. निसर्गाच्या कामात पैशाचं बोलणं आपल्याला जरा हलकं वाटतं. श्रमदान म्हटलं की ऊर भरून येतो, राखणदाराचा पगार म्हटलं की बैठकीत लोक घड्याळाकडे बघतात. माझ्या मते या दोन जिल्ह्यांतली बरीच चांगली कामं तिथेच खचली.

सुरुवात सागरेश्वरपासून करायला हवी. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि म्हणूनच ती अर्धीच सांगितली जाते. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे. त्याला लागून कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवर डोंगरांची एक रांग आहे. एके काळी ती पार बोडकी होती. मोहित्यांचे वडगाव इथले धों. म. मोहिते यांनी आसपासच्या गावांतली माणसं जमवली, झाडं लावली, जगवली, वनखात्याच्या मागे लागून कुंपण करवून घेतलं. बरेचसे प्राणी बाहेरून आणून सोडले. १९८५ मध्ये या १०.८७ चौरस किलोमीटरला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसांनी हातानं उभं केलेलं अभयारण्य म्हणून त्याचं नाव झालं, आणि ते रास्तच आहे. सांबर, चितळ, काळवीट तिथे नांदले आणि वाढले.

उरलेला अर्धा भाग कुंपणाबाहेरचा. जनावरं वाढली, डोंगर वाढला नाही. दरम्यान ताकारी उपसा योजनेचं पाणी आलं आणि डोंगराच्या पायथ्याची कोरडवाहू रानं बारमाही झाली. वर वाळलेलं गवत आणि खाली हिरवागार ऊस, हरभरा, मका असल्यावर सांबरानं काय करावं? ज्यांच्या बापजाद्यांनी तिथे खड्डे काढले तेच शेतकरी आता बॅटरी घेऊन रात्रीची राखण करतात. त्यांच्या तक्रारीत काही खोटं नाही. अभयारण्य उभं करताना जमिनीचा, रोपांचा, तारेचा हिशेब झाला. वीस-तीस वर्षांनी या कामाची किंमत कुणाच्या शिवारात वसूल होणार, तो हिशेब मात्र कोणीच केला नाही. अलीकडे सागरेश्वरातली चितळं चांदोली राष्ट्रीय उद्यानात हलवण्याचं काम वनखात्यानं हाती घेतलं. तिथे वाघाला भक्ष्य हवं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून आणलेली ‘तारा’ ही वाघीणही चांदोलीतच सोडली गेली. म्हणजे वडगाव-देवराष्ट्र्याच्या माणसांनी पोसलेलं धन आता सह्याद्रीच्या वाघाच्या कामी येतंय. ही देवघेव मला आवडते, पण तिच्यात पायथ्याच्या गावांच्या पदरात काय पडलं, हे विचारायला पाहिजे.

चांदोलीची गोष्टही साधी नाही. वारणेवरच्या धरणानं आणि नंतर अभयारण्यानं जी गावं उठली, त्यांची जुनी शेतं आज गव्या-सांबरांची कुरणं झाली आहेत. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचं क्षेत्र साधारण ११६५ चौरस किलोमीटर, त्यातलं सहाशेच्या आसपास गाभ्याचं, बाकीचं बफर. बफर म्हणजे माणसं राहतात तो भाग. गाभ्यातल्या अधिवासाची किंमत विस्थापितांनी एकरकमी भरली, बफरमधले लोक ती हप्त्यानं भरत आहेत. हे मान्य करून पुढे बोललं तरच गावकरी ऐकून घेतात, नाहीतर चहा देऊन वाटेला लावतात.

सागरेश्वरच्या अगदी उलट उदाहरण कासचं. इथे गावानं कमाईची वाट आधी शोधली. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे १२०० मीटर उंचीवरचं हे जांभ्या दगडाचं सडापठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात त्याची नोंद झाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे जत्रा भरू लागली. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा भोवतालच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांनी वनखात्याबरोबर बसून माणशी शुल्क ठरवलं. पुढे ते शंभर-दीडशे रुपयांवर गेलं. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली. त्या पैशातून गावातल्याच पोरांना राखणदार आणि मार्गदर्शक म्हणून रोजगार मिळतो, वाहनतळ चालतो, कचरा उचलला जातो. जिथे फुलं आहेत तिथल्याच माणसांच्या हातात फुलांचा पैसा जातो, आणि पठार तुडवणाऱ्याला हटकायला शिट्टी घेऊन गावातलाच माणूस उभा असतो. महाराष्ट्रात असं फार ठिकाणी दिसत नाही.

पण कासनं एक धडाही दिला. गर्दी आवरायला पठाराभोवती जाळीचं कुंपण घातलं गेलं. गर्दी थोडीफार आवरली, सोबत गुरंही बाहेर राहिली. चराई थांबल्यावर उंच गवत माजलं आणि बुटक्या फुलांना जागा उरेना, असं गावकरी आणि अभ्यासक दोघेही म्हणू लागले. शेवटी जाळी काढली गेली. गुरं ही पठाराची शत्रू आहेत हे गृहीत धरून खर्च झाला होता. पठार शेकडो वर्षं गुरांच्या खुरांखालीच तर फुलत आलं होतं! पैसा खर्चण्याआधी गुराख्याला विचारलं असतं तर दोन्ही वेळचा खर्च वाचला असता.

शिवाय कासची कमाई दीड-दोन महिन्यांची. पाऊस लांबला, फुलं चुकली की गल्ला रिकामा. करोनाच्या काळात पर्यटन थांबलं तसं उत्पन्नही थांबलं. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक गावाला कास मिळत नाही. लांडग्याचं बीळ बघायला कोणी तिकीट काढून येणार नाही. येऊही नये.

हे दोन जिल्हे एका नजरेत मावत नाहीत. पश्चिमेला महाबळेश्वर-कोयनेकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पूर्वेला माण, आटपाडी, जतकडे पाचशेच्या आसपास. मध्ये कृष्णाकाठचा ऊस, ज्यात आता बिबट्याची पिल्लंही जन्मतात आणि वाढतात. पश्चिमेचं जंगल सगळ्यांना कळतं, पूर्वेचं माळरान कुणाला कळत नाही. पवन्या, मारवेल, कुसळीचा तो माळ सरकारी कागदावर पडीक असतो. त्यावर लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, माळटिटवी, चंडोल जगतात, हे ध्यानात न घेता तिथे दरसाल खड्डे पडतात आणि गिरिपुष्प, सुबाभूळ उभी राहते. ही झाडं जगली नाहीत तर पैसा वाया जातो. जगली तर माळ वाया जातो. हिरवं दिसतंय म्हणजे बरं चाललंय, हा आपला भाबडेपणा माळाच्या मुळावर आलाय. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून डाळिंबाच्या बागा माळ चढू लागल्या. त्याला कोण नावं ठेवील? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिली त्यांनी बागा कराव्यातच. म्हणून तर उरलेल्या गायरानाचं काय करायचं, हे गावानं डोळे उघडे ठेवून ठरवायला पाहिजे.

‘पडीक’ जागेत काय काय चाललेलं असतं, त्याचा एक दाखला चाळकेवाडीच्या पठारावर मिळाला. पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी दिसले आणि त्यांची भीती सरल्यामुळे गळा फुगवणारे सरडे वाढलेले आढळले. निळ्या-काळ्या-केशरी गळ्याच्या या सरड्याची स्वतंत्र जात म्हणून ओळखच मुळी २०१६ मध्ये पटली. वरून उजाड दिसणाऱ्या कातळावर घार, सरडा आणि किडा यांचं असं गणित चालू होतं आणि आपण तिथे फक्त वारा मोजत होतो. पवनऊर्जा नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या पठाराची कमाई होते तेव्हा पठारासाठी त्यातलं काय बाजूला पडतं, एवढाच प्रश्न आहे.

आता येरळा. खटाव तालुक्यातून निघून खानापूर-कडेगावकडून ही नदी ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. आपल्या विषयातली दोन उदाहरणं तिच्याच पाण्यावर आहेत. वरच्या अंगाला मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी हे तलाव. थंडीत इथे रोहित पक्षी उतरतात. मायणी समूह २०२१ च्या सुमारास ‘संवर्धन राखीव’ म्हणून घोषित झाला. क्षेत्र फक्त ८.६७ चौरस किलोमीटर. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं आलेला हा प्रकार गावांना समजावून सांगण्याजोगा आहे. यात गावकऱ्यांचे हक्क जात नाहीत आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा माणूस बसतो. ‘अभयारण्य’ शब्दानं घाबरलेल्या गावाला हे आधी सांगायला हवं. मात्र दर्जा मिळाला म्हणजे गाळ निघत नाही. उन्हाळ्यात तलावाची शेती होणं किंवा पात्रातून उपसा होणं थांबत नाही. फलक लागतो आणि फलकाच्या सावलीत पूर्वीचंच सगळं चालू राहतं.

खालच्या अंगाला बलवडी आणि तांदूळवाडी. इथे ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीनं बळीराजा स्मृती धरण बांधलं. ते वन्यजीवांसाठी नव्हतं, तरीही या पुस्तकात मी त्याला मानाचं पान देतो, कारण पैशाचा इतका सरळ विचार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते, पात्र खोल जात होतं, विहिरी आटत होत्या. लोकांनी म्हटलं, वाळू आमच्या नदीची आहे, तर तिच्या विक्रीतून आमचं धरण होऊ द्या. त्यासाठी लढा दिला, मर्यादित वाळू विकण्याची परवानगी मिळवली, हितचिंतकांकडून बिनव्याजी पैसे उभे केले. अभियंते के. आर. दाते यांचं मार्गदर्शन घेतलं आणि बंधारा उभा केला. पाण्याचं वाटप ठरवताना भूमिहीनांचाही वाटा धरला. ओरबाडणाऱ्याच्या खिशात जाणारा पैसा वळवून नदीच्याच कामाला लावणं, एवढी एक कल्पना त्यामागे होती. आज एखाद्या डोंगरावर मुरूम उपसला जातो, पवनचक्की उभी राहते, रिसॉर्ट होतं, तेव्हा हीच कल्पना कोणी ग्रामसभेत मांडतं का?

पैशाचे सरकारी मार्ग नाहीत असं नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. त्यातून गॅस, सौर कुंपण अशी कामं होतात. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला स्वतःचं प्रतिष्ठान असावं आणि प्रवेशशुल्क, देणग्या तिथे जमा होऊन तिथेच खर्च व्हाव्यात, ही तरतूद २००६ मध्ये कायद्यात आली. मृद्‌संधारणाची कामं रोजगार हमीतून होऊ शकतात. जलसंधारणाच्या स्पर्धांनी तर इथली गावं पेटून उठली होती. पाणी फाउंडेशनच्या पहिल्याच वॉटर कपमध्ये, २०१६ साली, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. चर खणले, बांध घातले, पाणी मुरलं. मुरलेलं पाणी कुणाचं, एवढं एकच विचारायचं राहिलं. माणसाच्या विहिरीला मिळालं, उसाला मिळालं, डोंगरावरच्या सशा-तित्तिरालाही त्यातला वाटा आहे का, हे स्पर्धेच्या गुणपत्रिकेत नव्हतं. तो दोष मी स्पर्धेला देत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक निधीबद्दल गावांत फार मोठे गैरसमज आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि वनस्पती-प्राण्यांचं रक्षण त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. पण गावची समिती थेट हात पसरू शकत नाही. २०२१ पासून काम करणाऱ्या संस्थेची स्वतंत्र नोंदणी लागते. ती असलेली संस्था बहुधा पुण्या-मुंबईची असते, मग गाव तिथे लाभार्थी होतं आणि निर्णय दुसरीकडे होतात. त्याहून मोठी अडचण मुदतीची. नियमांप्रमाणे चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. म्हणजे चार पावसाळ्यांची सोय कायद्यातच आहे. तरी मार्चअखेर पैसे संपवायची घाई असल्यानं एका वर्षाचं काम दिलं जातं. त्या घाईत मोजता येईल अशीच वस्तू लागते, आणि रोप मोजता येतं. न लागलेला वणवा कसा मोजणार?

म्हणून जाळरेषेबद्दल इथे थोडं सांगतो. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत डोंगराच्या धारेनं, रस्त्याच्या कडेनं काही मीटर रुंदीचा पट्टा कापतात, कापलेलं गवत तिथेच वाळू देतात आणि वारा पडलेल्या सकाळी वनखात्याच्या माणसासमक्ष तो पट्टा मुद्दाम जाळतात. दोन्ही कडांना माणसं निरगुडीच्या, करंजाच्या ओल्या डहाळ्या घेऊन उभी असतात. ठिणगी पलीकडे गेली की तिथेच झोडपायची. तोंडाला ओला पंचा, पायात जाड चप्पल, कमरेला पाण्याची बाटली. दहा-बारा माणसांचं दोन-तीन सकाळचं काम. एवढं झालं तर होळीच्या आगेमागे कोणी बिडी टाकली, कोणी ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ म्हणून काडी लावली, तरी आग रेषेवर येऊन मरते. नाही झालं तर पाच वर्षांची रोपं, जमिनीवरची घरटी, सरडे, कासवं एका रात्रीत जातात. या कामाचा फोटो चांगला येत नाही. काळा पट्टा आणि घामेजलेली माणसं, त्यावर देणगीदाराचं नाव कुठे लिहायचं?

चराईबंदीचंही असंच. डोंगर बंद केला की बातमी होते. पण बंद डोंगराची झळ बसते ती चार शेरडं राखणाऱ्या म्हातारीला आणि मेंढपाळाला. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी नावाजलेली आहे. ती माळावरच घडली. तिचा धनगर आणि त्याच माळावरचा लांडगा हे जुने शेजारी आहेत, भांडत-भांडत राहिलेले. धनगराला हाकलून लांडगा वाचवायचा बेत करणाऱ्याला मी एक पैसाही देणार नाही. त्याऐवजी माळाचे पट्टे पाडून पाळीपाळीनं चराई हवी, बंद पट्ट्यातलं गवत कापून नेण्याचा हक्क आधी ज्यांची जनावरं अडली त्यांना, आणि लांडग्यानं मेंढी नेली तर भरपाई येईपर्यंत गावच्या समितीच्या निधीतून तातडीची रक्कम. सरकारी भरपाई मिळते, पण पंचनामा, कागद आणि महिने यांतून जाऊन मिळते. मेंढपाळ तोवर तिथे थांबलेला नसतो, कळप पुढे गेलेला असतो.

मालकीच्या जंगलाचा प्रश्न जावळी-पाटणकडे आहे. तिथे कित्येक उतार खासगी सातबाऱ्यावर आहेत. ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाच्या २३५ गावांच्या आराखड्यानंतर जमिनीकडे बघण्याची नजरच बदलली. झाडं राखून मालकाला काय मिळतं, या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो विकणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वरकडे पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेनं मालकांशी करार करून जंगल न तोडण्याचा मोबदला देण्याचा मार्ग चालवून पाहिला आहे. तो सगळीकडे चालेल असं नाही. पण राखण्यालाही दाम असतो, हे तिथे मालकाच्या हातात पडलं.

शेवटी एका समितीबद्दल. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिला स्वतःचा निधी ठेवता येतो आणि व्यापारासाठी गावातली जैविक संपत्ती नेणाऱ्याकडून शुल्क घेता येतं. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि दंडाची धमकी दिली तेव्हा या समित्या झपाट्यानं कागदावर उतरल्या. अनेक सदस्यांना आपण सदस्य आहोत हे अजून कळलेलं नाही. पण समिती आहे, कायद्याचं बळ आहे. नवी संस्था काढण्यापेक्षा झोपलेली उठवणं स्वस्त पडतं. तिची हिशेबवही असावी, आणि तीत राखण, जाळरेषा, पाणवठा, नुकसानभरपाई आणि शिल्लक एवढी पाच खाती असली तरी काम सुरू होतं. वही दर ग्रामसभेत मोठ्यानं वाचली जावी. गावात भांडणं होतील. हिशेबावरून झालेलं भांडण मला संशयावरून झालेल्या भांडणापेक्षा परवडतं.

पुढच्या पानांत अर्ज कसा करायचा, ठराव कसा लिहायचा, देणगीदाराशी काय बोलायचं हे सगळं आहे. देणगी देणाऱ्या वाचकांना एवढंच सांगतो: पहिल्या वर्षाचे पैसे द्यायला दुसरे पुष्कळ आहेत, तुम्ही तिसऱ्या वर्षाचे द्या, आणि ते राखणदाराच्या पगाराला द्या. गावातल्या वाचकांनी हे पान उलटण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या जैवविविधता समितीचे सदस्य कोण आहेत, तिचं खातं कोणत्या बँकेत आहे आणि पासबुकात शेवटची नोंद कधीची आहे, ते बघून यावं.